ह्यांच्या वाटणीचा श्वास

१ फेब्रुवारी, मंगळवार

सून म्हणाली, आई, मनातलं लिहून काढा, हलकं वाटेल. माझ्या मनात काही नाही, त्यामुळे मी हलकीच आहे. पण नातीची अर्धी कोरी वही पडून होती आणि कागद वाया घालवणं मला बघवत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. अक्षर मात्र सातवीचं आहे.

आज ह्यांना मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. हृदयाच्या तीन नळ्या चोंदल्यात. बायपास करायचं म्हणाले, दोन आठवड्यांनी. मुलगा पांढरा पडला. सुनेने माझा हात धरला. कशाला धरला कळलं नाही. मी घाबरलेली नाही. घाबरायचं तर डॉक्टरांनी घाबरावं, कापायचं त्यांना आहे.

डॉक्टरांनी विचारलं, जिना चढताना धाप लागते का? मी म्हटलं, लागते. भूक? बेताची. रात्री झोप लागते का? म्हटलं, लागते. तर म्हणतात, आजी, मी आजोबांना विचारतोय. म्हटलं, त्यांना काय माहीत, ते झोपलेले असतात.

एवढे शिकलेले, पण साधी गोष्ट सुचत नाही.

ह्यांनी आयुष्यभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली. टिकटिक ऐकत बसायची सवय. आमच्यात बोलायचं खातं माझ्याकडे आहे.

निश्चय : ऑपरेशनपर्यंत ह्यांना बोटसुद्धा हलवू द्यायचं नाही. सगळं मी करणार. आजवर वेगळं काय केलं म्हणा.

२ फेब्रुवारी, बुधवार

हॉस्पिटलातल्या व्यायामवाल्या मुलीने एक खेळणं दिलं. प्लॅस्टिकचं. तीन खण, प्रत्येकात एक गोळा, बाजूला नळी. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा. फुंकायचं नाही. ओढला की गोळे वर जातात. म्हणाली, ऑपरेशननंतर छाती दुखते म्हणून माणसं खोल श्वास घेत नाहीत, मग फुफ्फुसात कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. म्हणून फुफ्फुसं आधीच तयार ठेवायची. तासातासाला ओढायचं, रोज चालायचं, मीठ कमी करायचं.

मी म्हटलं, बाई, माझी नि नणंदांची मिळून सात बाळंतपणं मी काढलीत, मला श्वास शिकवू नकोस.

घरी येऊन ह्यांनी ओढलं. पहिला गोळा फळ्यापाशी उभ्या केलेल्या पोरासारखा नुसता थरथरला आणि खाली बसला. हे म्हणाले, बघू नंतर.

नळी खराब आहे की काय म्हणून मी ओढून पाहिली. तिन्ही गोळे टाळ्याला! नळी ठणठणीत आहे.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

हे दोनदा ओढतात, मग खोकतात, मग माझ्याकडे बघतात. उरलेले मी करून टाकते. या घरातलं उरलंसुरलं आजवर मीच संपवत आले, भाजी असो नाहीतर व्यायाम. टाकून देणं माझ्या स्वभावात नाही.

शिवाय नवरा-बायको म्हणजे संसाराच्या गाड्याची दोन चाकं. एक फिरलं की दुसऱ्याला फिरावंच लागतं. कुठल्याही डॉक्टरला विचारा. विचारायची गरज नाही खरं तर.

मुलाचा ऑफिसातून फोन. बाबांचा व्यायाम होतोय का? म्हटलं, तासातासाला होतोय. यात खोटं एक अक्षर नाही.

६ फेब्रुवारी, रविवार, सकाळी

घरामागच्या बागेत चालायला गेलो. हे फाटकापासून पहिल्या बाकापर्यंत चालले आणि बसले. धाप. कपाळावर घाम. तोंड अगदी एवढंसं झालं होतं. ते मला बघवलं नाही असं काही नाही, पण वेळ चालला होता. म्हटलं, बसा, माझी पिशवी धरा, तुमचे फेरे मी मारते.

मांडीवर पिशवी घेऊन बसले. मी समोरून गेले की एक बोट उघडतात. हिशेब चोख. घड्याळवाला माणूस.

शेजारच्या बाकावरची बाई म्हणाली, आजी, या वयात काय झपाझप चालता हो! म्हटलं, मी नाही चालत, हे चालतायत. ती उठून लांबच्या बाकावर गेली. लोकांना हल्ली दोन वाक्यं बोलायला वेळ नसतो.

८ फेब्रुवारी, मंगळवार

मिठाचा प्रश्न सोडवला. अळणी ह्यांच्या घशाखाली उतरत नाही. आजारी माणसाच्या तोंडाला चव नको? म्हणून अळणी मी खाते, ह्यांना नेहमीचं. घरातलं मीठ निम्म्यावर आलं.

सून म्हणाली, आई, मीठ बाबांचं कमी करायचंय. म्हटलं, डबा एकच आहे ना घरात?

तिने कपाळाला हात लावला. हिचंही बीपी बघायला हवं.

१० फेब्रुवारी, गुरुवार

फरक दिसायला लागला! माझे गुडघे दुखायचे थांबले. जिना एका दमात चढते. ब्लाऊज सगळे सैल झाले, टीप मारून घ्यावी लागणार. गोळे तर मी नुसतं बघितलं तरी वर जातील.

एकंदरीत ह्यांची तयारी उत्तम चालली आहे.

१४ फेब्रुवारी, सोमवार

ह्यांना दाखल केलं. ऑपरेशन परवा. शेजारच्या खाटेवर एक शिंपीकाका आहेत, त्यांचं झालंय. छातीवर मधोमध टाके. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरून खोकतात. टाके ताणू नयेत म्हणून. मी म्हटलं, धीराचे आहात हो. म्हणाले, वहिनी, जन्मभर दुसऱ्यांना टाके घातले, आता कळतं कापडाला काय वाटत असेल.

मला माणूस आवडला. ह्यांनी इतक्या वर्षांत एवढं लांब वाक्य बोललेलं मला आठवत नाही.

१५ फेब्रुवारी, मंगळवार

आज विश्वासघात झाला.

व्यायामवाली खेळणं घेऊन आली. म्हणाली, आजोबा, दाखवा बघू, दोन आठवडे केलंत ना? ह्यांनी ओढलं. एकही गोळा हलला नाही. परत ओढलं. नाही. मी म्हटलं, नळी खराब आहे. तिने दुसरं आणलं. तेही खराब निघालं. ह्या हॉस्पिटलात माल बघून घेत नाहीत.

तिने विचारलं, घरी रोज करत होतात ना?

आणि हे, डॉक्टरांनी नाव विचारलं तरी माझ्याकडे बघणारे, सरळ बोलले. म्हणाले, हिने केलं.

चालणं? हिने केलं. मीठ? हिने सोडलं.

व्यायामवाली हसली. मग हसायची थांबली आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. मोठे डॉक्टर आले, छाती ऐकली, पाठ ऐकली. म्हणाले, फुफ्फुसं तयार नाहीत, असं टेबलावर घेतलं तर नंतर मशीनवरून निघणं अवघड जाईल. ऑपरेशन आठवडाभर पुढे. तेवढ्या दिवसांत छाती तयार झाली नाही तर धोका आहे, आणि जास्त थांबण्यातही धोका आहे. दोन्हीकडून धोका.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, आजी, ऑपरेशन तुमचं असतं तर आज, आत्ता केलं असतं.

मोठे डॉक्टर सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत असं सिस्टर म्हणाली होती.

१६ फेब्रुवारी, बुधवार

मुलगा खूप बोलला. बोलू दे. सुनेने रजा काढली, ह्यांचा व्यायाम आता ती घेणार. मी खाटेपासून लांब, खिडकीपाशी बसायचं असं ठरलं. म्हणजे मीच ठरवलं. मला जरा विश्रांतीची गरज होतीच.

पडदा ओढून घेतात. पडद्याखालून पाय दिसतात. सुनेचे पाय उभे, ह्यांचे लोंबकळते. सून म्हणते, ओढा बाबा, ओढा, अजून, अजून! म्हैस दोहायला घेतल्यासारखी. मी असते तर शांतपणे आटपलं असतं.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

हे पडद्याआड ओढतात तेव्हा मी खिडकीपाशी बसून नुसता श्वास ओढते. खेळण्याशिवाय. याला कुणी बंदी केलेली नाही.

आज ओढता ओढता डोळ्यांपुढे काजवे. सिस्टरने रिकाम्या खाटेवर आडवं केलं, बीपी घेतलं, छातीला वायरी चिकटवून कागद काढला. म्हणाली, आजी, तुमचं हृदय तिशीच्या बाईसारखं आहे. मग एवढा जोरात श्वास कशाला घेत होतात? म्हटलं, सवय.

एवढं चांगलं हृदय, आणि नुसतं माझ्याकडे पडून आहे.

२१ फेब्रुवारी, सोमवार

ह्यांचे दोन गोळे वर गेले. सून नाचली. शिंपीकाकांनी उशी धरून टाळ्या वाजवल्या. कॉरिडॉरमध्ये हे सुनेचा दंड धरून लिफ्टपर्यंत गेले आणि परत आले.

सुनेला यश मिळालं, चांगलंच आहे. पाया मी घातला होता. पाया जमिनीखाली असतो, तो कुणाला दिसत नाही.

परवा ऑपरेशन. आता नक्की.

२३ फेब्रुवारी, बुधवार, सकाळी

ह्यांना नेलं. जाताना मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, संध्याकाळी चावी दे, नाहीतर बंद पडेल.

मी म्हटलं, मी नाही देणार. उठल्यावर तुमची तुम्ही द्या.

ह्यांचं एक काम ह्यांच्यावर टाकलं. माणसाला सवय लागायला हवी.

दुपारी

बाकावर बसून आहे. खेळणं पिशवीत होतं. काढलं. तिन्ही गोळे वर धरायचे, पडले की लगेच परत वर, खाली राहू द्यायचे नाहीत, असं ठरवलं. त्याने आत काही होत नसतं. मला कळतं तेवढं, चौथी झाली आहे माझी. पण ठरवलं.

गोळे पडताना टक्कन आवाज होतो. वॉचमन म्हणाला, आजी, बंद करा, लोकांना त्रास होतो. म्हटलं, आत माझा माणूस उघडून ठेवलाय आणि तुला टकटक खुपते? गेला. परत आला तो चहा घेऊन. घेता आला नाही, तोंड मोकळं नव्हतं.

संध्याकाळी

मोठे डॉक्टर बाहेर आले. मास्क खाली केला. ऑपरेशन छान झालं म्हणाले.

मी म्हटलं, होणारच. दिवसभर कोण करत होतं?

मुलगा रडला. सून रडली. मी रडले नाही. गोळे ओढून ओढून डोळ्यांना पाणी येतं, ते वेगळं.

घड्याळ बंद पडलंय. पडू दे.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

आयसीयूत एकेकालाच सोडतात, तेही उभ्या उभ्या. तोंडात नळी होती ती सकाळी काढली. मशीनवरून निघाले हे. नर्सने विचारलं, आजोबा, दुखतंय का? मी म्हटलं, दुखतंय. ह्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

ऑपरेशनमध्ये डोक्यालाही काही केलं का, विचारायला हवं.

घड्याळ हातात दिलं. पडल्या पडल्या, वायरींमधून हात काढून, चावी दिली. किती वाजले ते मात्र नर्सला विचारलं. मी तिथेच उभी होते.

२७ फेब्रुवारी, रविवार

परत वॉर्डात. व्यायामवालीने नियम सांगितले. उठताना हातांवर जोर द्यायचा नाही. कुशीवर झोपायचं नाही. जड उचलायचं नाही. बाकी सगळं स्वतः करायचं. ते 'स्वतः' तिने माझ्याकडे बघून म्हटलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

ह्यांना खोकला आला. मी धावले, उशी घट्ट छातीशी धरली. माझ्या. शिंपीकाका एवढे हसले की त्यांनाच उशी लागली. म्हणाले, वहिनी, हसवू नका हो, उसवेन मी.

सूप भरवायला चमचा उचलला. हे म्हणाले, दे इकडे. मला वाटलं वाटीच मागतायत. वाटीही घेतली, चमचाही घेतला. स्वतः प्यायले. हनुवटीवर सांडलं, तेही स्वतः पुसलं.

मी पिशवी आवरली. आवरलेलीच होती, परत आवरली.

४ मार्च, शुक्रवार

घरी आणलं. आता माझं राज्य.

निश्चय : १) नातीच्या सायकलची घंटी ह्यांच्या खाटेला बांधायची. वाजली की मी हजर. २) घंटी वाजेपर्यंत दुसरं काम काढायचं नाही.

५ मार्च, शनिवार

घंटी वाजली नाही.

संध्याकाळी जाऊन वाजवून बघितली. वाजते. हे म्हणाले, काय हवंय तुला?

७ मार्च, सोमवार

हे उठले, स्वयंपाकघरात गेले आणि चहा केला. एक कप. स्वतःपुरता.

विचारलं, डबा सापडला कसा? म्हणाले, चहाच्या डब्यावर चहा लिहिलंय. ते मीच लिहिलंय, सून नवीन होती तेव्हा. इतकी वर्षं हे वाचू शकत होते तर!

मग कप विसळून पालथा घातला. पालथा! मी बिस्किटांचा पुडा घेऊन बसले. भेटायला येणारा प्रत्येक माणूस बिस्किटं आणतो. ह्यांना गोड आणि खारट दोन्ही बंद, आणि हे खरोखरच खात नाहीत. अळणी भाजी मुकाट खातात. मग बिस्किटं कोण संपवणार? टाकून देणं माझ्या स्वभावात नाही.

सकाळ-संध्याकाळ सुनेबरोबर बागेत जातात, उशी काखेत मारून. ती मला म्हणाली, आई, तुम्ही दमला असाल, बसा. बसले. घंटी वाजली तर कुणीतरी घरात हवं. हे बागेत असताना घंटी कोण वाजवणार, हे नंतर लक्षात आलं.

११ मार्च, शुक्रवार

छातीत धडधडतं. जिन्यावर मधेच थांबावं लागलं. ब्लाऊजच्या नव्या टिपा परत उसवल्या.

रोगाचं निदान माझं मी केलं. ह्यांचं दुखणं तिथून निघालं, त्याला कुठेतरी जायला हवं होतं. दोन चाकं. शेवटी ते माझ्यातच उतरलं. मुलाला सांगितलं, माझंही बायपास करून टाका, डॉक्टर ओळखीचे आहेत.

१५ मार्च, मंगळवार

ह्यांची तपासणी होती, मलाही नेलं. मोठे डॉक्टर ह्यांच्यावर खूश. टाके छान, छाती मोकळी. मग मला बसवलं. विचारलं, जिना चढताना धाप लागते का?

मी तोंड उघडलं, तोवर हे म्हणाले, लागते.

भूक?

हे म्हणाले, फार.

रात्री झोप लागते का?

हे म्हणाले, लागते, घोरते. डॉक्टर म्हणाले, आजोबा, मी आजींना विचारतोय. तर हे म्हणतात, तिला काय माहीत, ती झोपलेली असते.

डॉक्टरांनी खुर्चीला टेकून हसून घेतलं. मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. वाक्य ओळखीचं वाटलं, पण कुठे ऐकलं ते आठवेना.

वायरी लावून कागद काढला. हृदय चांगलं आहे म्हणाले, तुम्ही बसून राहता आणि बिस्किटं खाता, बाकी काही झालेलं नाही. रोज चाला. व्यायामवालीने खेळणं पुढे केलं. ओढलं. पहिला गोळा जरासा थरथरला.

म्हटलं, नळी खराब आहे. ह्यांनी घेतली, ओढून पाहिली. तिन्ही गोळे टाळ्याला.

निश्चय : उद्यापासून चालायचं. ह्यांच्या पुढे राहायचं.

१६ मार्च, बुधवार, सकाळी

बागेत गेलो. दोघंच. फाटकापासून मी पुढे होते. पहिल्या बाकापर्यंत बरोबरीत आलो. मग मी बाकावर बसले. धाप नव्हती, बाकाची फळी सैल आहे का ते बघायचं होतं.

हे थोडं पुढे जाऊन वळले. बघितलं. परत आले, उशी माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाले, बस. तुझे मी मारतो.

नको म्हणणार होते. पण आजारातून उठलेल्या माणसाचं मन मोडू नये.

एक फेरा, एक बोट. मी चुकत नाही मोजायला. मान ताठ ठेवून चालतात हो. असे कधी चालायचे, ते मी विसरून गेले होते.

ती शेजारच्या बाकावरची बाई होती. म्हणाली, अगंबाई, आजोबा चालायला लागले की! म्हटलं, ते नाही चालत, मी चालतेय.

ती उठून लांबच्या बाकावर गेली. मी पाय वर घेऊन बसले. तब्येतीला फरक वाटतोय.